साइट गूगलवर वर का येत नाही? कामांचा योग्य क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

साइट तयार होते, ओळखीच्या सगळ्यांना लिंक जाते, दोन-तीन महिने उलटतात आणि गूगलवर आपल्याच धंद्याचं नाव टाकलं तरी साइट दिसत नाही. मग एक जण सांगतो बॅकलिंक (दुसऱ्या साइटींवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) घ्या, दुसरा सांगतो कीवर्ड (लोक शोधताना टाकतात ते शब्द) वाढवा, तिसरा महिन्याच्या पॅकेजचा भाव सांगतो. पैसे जातात ते बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यावर, आणि घोडं पेंड खात असतं पहिल्याच टप्प्यावर.

गूगल आधी पानापर्यंत पोचतं. याला क्रॉल म्हणतात. मग ते पान वाचून साठवतं, हे इंडेक्सिंग. कुणी काही शोधलं की साठवलेल्या पानांचा क्रम लावतं, ते रँकिंग. जे पान साठवलंच गेलं नाही, त्याच्या रँकिंगचा प्रश्नच येत नाही. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. एका टप्प्याची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच उदाहरण धरतो. समजा, देवगडचा एक बागायतदार स्वतःच्या बागेतला हापूस थेट गिऱ्हाइकांना पाठवतो आणि त्याची साइट वर्डप्रेसवर आहे. तुमचा होमस्टे असेल, क्लास असेल किंवा मराठीतली माहितीची साइट असेल, तरी क्रम हाच राहतो.

## सुरू करण्याआधीची तयारी

सर्च कन्सोल स्वतःच्या ईमेलवर उघडा. आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं हे गूगलचं मोफत साधन आहे. त्यात ‘डोमेन’ प्रकारची प्रॉपर्टी (म्हणजे तुमच्या साइटची नोंद) निवडा, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेले आणि नसलेले, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस असे सगळे पत्ते एकाच ठिकाणी दिसतात. मालकी सिद्ध करण्यासाठी डोमेन (साइटचं नाव) जिथून घेतलं तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये, म्हणजे ते नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं हे ठरतं तिथे, एक टीएक्सटी रेकॉर्ड (सर्च कन्सोलनं दिलेली मजकुराची ओळ) टाकावं लागतं. दहा मिनिटांचं काम आहे. सर्च कन्सोल १६ महिन्यांपर्यंतचे आकडे दाखवतं, पण ते साठू लागतात प्रॉपर्टी जोडल्यावर. म्हणून हे काम आजच उरका, बाकीचं उद्या.

डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवलेली सर्व्हरवरची जागा) कुणाच्या नावावर आहे ते बघा. साइट बनवणाऱ्यानं स्वतःच्या ईमेलवर डोमेन घेतलेलं असणं हा प्रकार फार पाहायला मिळतो. त्याचा फोन लागेनासा झाला की डीएनएसलाही हात लावता येत नाही. आधी ते आपल्या नावावर करून घ्या.

गिऱ्हाइकांचे प्रश्न गोळा करा. व्हॉट्सॲपवरच्या गेल्या हंगामातल्या गप्पा उघडा आणि लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत, त्यांनी ज्या लिपीत लिहिले त्याच लिपीत उतरवून घ्या. ‘पेटीत किती डझन?’, ‘पुण्याला किती दिवसांत मिळेल?’, ‘कापल्यावर आत पांढरा निघाला, बदलून देणार का?’ ही यादी चौथ्या टप्प्यात लागणार आहे. कीवर्ड शोधून देणाऱ्या कुठल्याही साधनापेक्षा ती मोलाची आहे.

वेळेचं गणित मांडा. नव्या साइटवरच्या पानाला जागा मिळायला काही आठवडे ते काही महिने लागतात. हापूसचं काम दिवाळीच्या सुमाराला सुरू करायला हवं. मार्चमध्ये सुरू केलं तर परिणाम दिसेपर्यंत पेट्या संपलेल्या असतात.

## टप्पा १: गूगलला आत येता येतंय का?

वर्डप्रेस असेल तर सेटिंग्जमधलं ‘रीडिंग’ हे पान उघडा. तिथे अगदी खाली, सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये असं सुचवणारा एक चौकोन असतो. साइट बनत असताना तिथे खूण केली जाते, ते योग्यच असतं. साइट सुरू झाल्यावर ती खूण काढायची राहून जाते. वर्षभर गूगलवर न दिसलेल्या साइटचं कारण कित्येकदा एवढंच निघतं.

यानंतर रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल बघा. डोमेनच्या पुढे तिरकी रेघ देऊन फाइलचं नाव टाकलं की ती ब्राउझरमध्ये उघडते. ‘डिसअलाऊ’च्या पुढे नुसती एकच तिरकी रेघ असेल, तर त्या ओळीच्या वर ज्या बॉटचं (साइटी वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमचं) नाव आहे त्याला पूर्ण साइट बंद आहे. नावाच्या जागी तारांकन असेल तर सगळ्यांनाच बंद.

> सावधान: रोबोट्स फाइल आणि नोइंडेक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोबोट्स फाइल म्हणते ‘आत येऊ नका’. नोइंडेक्स ही खूण पानाच्या आत असते आणि म्हणते ‘वाचा, पण साठवू नका’. एखादं पान गूगलमधून काढायचं म्हणून दोन्ही एकदम लावले तर गूगल आत येतच नाही, त्यामुळे आतली नोइंडेक्सची खूण त्याला दिसत नाही आणि नुसता पत्ता निकालांमध्ये तसाच राहू शकतो.

तिसरं कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. गूगलचा बॉट मुख्यतः अमेरिकेतल्या आयपी पत्त्यांवरून येतो. ‘आपलं गिऱ्हाईक भारतातलंच, मग परदेशी वर्दळ कशाला?’ असं म्हणून होस्टिंगवाल्यानं किंवा सुरक्षेच्या प्लगइननं भारताबाहेरचे सगळे पत्ते बंद केले असतील, तर गूगलही बाहेरच राहतं. तुमच्या मोबाइलवर साइट छान उघडते, त्यामुळे शंकाही येत नाही.

तपासणी: सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत मुख्य पानाचा पूर्ण पत्ता टाका आणि ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ दाबा. मग गूगलनं पाहिलेल्या पानाचं चित्र उघडा. त्यात मजकूर दिसला पाहिजे. पांढरं पान, लॉगिनची चौकट किंवा ‘ॲक्सेस डिनाइड’ दिसलं तर होस्टिंगवाल्याला तेच चित्र पाठवा आणि दुरुस्त करून घ्या.

## टप्पा २: पान साठवलं गेलं का?

सर्च कन्सोलमधला ‘पेजेस’ हा अहवाल उघडा. न साठवलेल्या पानांची कारणं तिथे लिहिलेली असतात. त्यातली दोन नीट समजून घ्या, कारण दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे गूगलला पत्ता कळला आहे, पण त्यानं पान अजून आणलेलं नाही. इथे मजकूर बदलून उपयोग नाही, तो अजून वाचलेलाच नाही. साइटच्या आतून त्या पानाकडे लिंक आहे का, सर्व्हर फार संथ आहे का, निरुपयोगी पानांची गर्दी झाली आहे का, हे बघा. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक टॅगचं (लेखाला लावलेल्या विषयाच्या चिठ्ठीचं) वेगळं पान तयार होतं. दहा लेखांना चाळीस टॅग लावले की चाळीस पोकळ पानं जन्माला येतात.

‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे आणलं, पण साठवलं नाही. इथे मजकुराकडेच बघावं लागतं: पान फारच त्रोटक आहे का, दुसऱ्या पानासारखंच आहे का, दुसरीकडून उतरवलेलं आहे का.

आता कामं याच क्रमानं करा:

1. साइटचा एकच पत्ता ठरवा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ठेवायचं की नाही हे महत्त्वाचं नाही, एकच असणं महत्त्वाचं आहे. बाकीचे सगळे पत्ते ३०१ रीडायरेक्टनं (जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचं नव्या पत्त्याकडे पाठवणारी सोय) त्याच्याकडे वळवा.
2. एकच मजकूर दोन पत्त्यांवर ठेवणं भाग असेल तर मुख्य पत्ता कोणता ते पानाच्या कोडमधल्या ‘कॅनोनिकल’ या खुणेनं सांगा. गूगल ही खूण सूचना म्हणून घेतं, आज्ञा म्हणून नाही. रीडायरेक्ट शक्य असेल तिथे रीडायरेक्टच करा.
3. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल, सर्च कन्सोलमध्ये एकदा द्या. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, त्यामुळे लहान साइटला एक फाइल पुरते. त्यातला ‘प्रायॉरिटी’चा आकडा गूगल विचारात घेत नाही, त्यावर वेळ घालवू नका.
4. प्रत्येक महत्त्वाच्या पानाकडे निदान एका दुसऱ्या पानातून लिंक द्या. साइटमॅपमध्ये आहे पण साइटवर कुठूनच वाट नाही, असं पान गूगलही दुय्यम समजतं.

> सावधान: सर्च कन्सोलमधलं ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ हे बटण एका पानासाठी एकदा दाबलं की झालं. पुन्हा पुन्हा दाबून नंबर पुढे सरकत नाही आणि रोजची मर्यादा मात्र संपते.

तपासणी: गूगलच्या शोधपट्टीत इंग्रजी अक्षरांत ‘साइट’, लगेच कोलन आणि मध्ये जागा न सोडता तुमचं डोमेन टाका. साठवलेल्या पानांचा अंदाज येतो. पक्कं उत्तर मात्र सर्च कन्सोलचंच.

## टप्पा ३: मराठी मजकूर गूगलला मराठी म्हणून वाचता येतोय का?

हा टप्पा इंग्रजी मार्गदर्शकांमध्ये सापडणार नाही आणि मराठी साइटींचं घोडं इथेच वरचेवर अडतं.

क्रुती देव, श्रीलिपी, शिवाजी असे जुने फाँट वापरून टाइप केलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता असतो. डीटीपीवाल्याकडून आलेलं माहितीपत्रक तसंच उचलून साइटवर टाकलं की गूगलला त्यात ‘हापूस’ हा शब्दच सापडत नाही. पीडीएफलाही हेच लागू आहे. संस्थांच्या आणि पतपेढ्यांच्या साइटींवर वर्षानुवर्षांचे अहवाल अशा पीडीएफमध्ये अडकलेले आहेत. ते शोधणाऱ्याला कधीच मिळत नाहीत, याचं खरोखर वाईट वाटतं.

तपासणी: साइटवरची एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. देवनागरीच आली तर मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीत) आहे, पुढे चला. इंग्रजी अक्षरांचा घोळ दिसला तर गूगललाही तोच दिसतो.

असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. पण बदललेला मजकूर ओळ न् ओळ वाचून घ्या. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. बदलताना याच दोन जागा हमखास चुकतात, आणि ‘ऱ्ह’सारखी जोडाक्षरंही तुटतात.

दुसरी चूक म्हणजे सगळा मजकूर चित्रात घालणं. भावपत्रक, पत्ता, फोन नंबर हे सगळं एका सुंदर बॅनरवर असतं आणि पानावर अक्षररूपात एक ओळही नसते. गूगलला चित्रातली अक्षरं काही प्रमाणात ओळखता येतात, पण त्यावर विसंबू नका. भाव आणि पत्ता अक्षरांतच हवा. चित्राला पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे ते सांगणारी, कोडमधली ओळ) द्या, तोही साधा: ‘देवगड हापूसची पाच डझनाची पेटी’. तिथे कीवर्डांची माळ लावू नका.

तिसरी गोष्ट पानाच्या पत्त्याची. वर्डप्रेस लेखाच्या मराठी शीर्षकावरून पत्ता आपोआप बनवतं. पत्त्याच्या या भागाला २०० वर्णांची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह साठवताना नऊ वर्णांचं होतं. काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे जेमतेम २२ चिन्हांत पत्ता तुटतो, तोही शब्दाच्या मध्येच. वर तो व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक ओळ होते आणि लोकांना ती संशयास्पद वाटते. गूगलला देवनागरी पत्ता चालतो. अडचण माणसांची होते. रोमन अक्षरांत तीन-चार शब्दांचा पत्ता द्या, आणि तो लेख प्रसिद्ध करण्याआधी द्या.

## टप्पा ४: शोधणाऱ्याला नेमकं काय हवंय?

रँकिंग ठरतं ते सर्वात जास्त इथे. वेग, लिंक, कोड हे सगळं यानंतर येतं.

‘हापूस आंबा’ एवढंच शोधणाऱ्याला काय हवं आहे हे कुणालाच ठाऊक नाही, आणि त्या शोधावर विश्वकोश, वर्तमानपत्रं आणि मोठी दुकानं आधीच बसलेली आहेत. ‘देवगड हापूस पेटी भाव’ शोधणाऱ्याला मात्र आकडा हवा आहे. ‘हापूस ओळखायचा कसा’ विचारणाऱ्याला फोटो आणि खुणा हव्यात. हे तीन वेगळे लोक आहेत आणि तिघांना एकाच पानावर आणणं जमत नाही.

काम असं करा:

1. तयारीत केलेल्या यादीतला एक प्रश्न घ्या आणि खासगी विंडोत गूगलवर टाका.
2. पहिल्या दहा निकालांचा प्रकार बघा. विक्रीची पानं आहेत, लेख आहेत, व्हिडिओ आहेत की नकाशा? सगळीकडे लेख असतील तर तुमचं विक्रीचं पान तिथे चढणार नाही, लेखच लिहावा लागेल.
3. त्या दहांमध्ये कशाचं उत्तर मिळत नाही ते टिपून ठेवा. तुमची जागा तिथे आहे.
4. एका प्रश्नाला एक पान द्या. उत्तर पहिल्या परिच्छेदात लिहा, तपशील नंतर.

यादीतला तो प्रश्न घ्या: कापल्यावर आत पांढरा का निघतो? याला बागायतदार साका म्हणतात. फळ बाहेरून निर्दोष दिसतं, वासही येतो, पण कापल्यावर गर फिकट, भुसभुशीत आणि आंबट लागतो. गिऱ्हाइकाला वाटतं फसवलं. साका म्हणजे काय, तो बाहेरून का कळत नाही, खराब गर किती काढून टाकायचा आणि तुम्ही अशी फळं बदलून देता का, हे कापलेल्या फळाच्या स्वतः काढलेल्या फोटोसह लिहिलं तर ते पान दुसऱ्या कुणाला बसल्या जागी लिहिता येणार नाही. स्वतःचा अनुभव, ठरावीक माणसासाठी लिहिलेलं उत्तर आणि लिहिणारा कोण हे उघड सांगणं या गोष्टींवर गूगल आपल्या मार्गदर्शनात भर देतं. गुणवत्ता तपासणाऱ्यांसाठीच्या त्याच्या नियमावलीत ‘अनुभव’ हा निकष डिसेंबर २०२२ मध्ये मुद्दाम जोडला गेला. असा कुठला एक गुण पानाला मिळतो आणि त्यावर क्रम लागतो असं नाही. पण अशा पानांना वर आणण्याच्या दिशेनंच सगळी यंत्रणा घडवलेली आहे.

तसंच भावाचं पान. त्यावर पेटीत किती डझन, फळाचं वजन किती, भाव कोणत्या तारखेचा आणि पाठवणी कुठे कुठे, हे अक्षरांत लिहा. ‘भावासाठी फोन करा’ एवढंच लिहिलेलं पान भाव शोधणाऱ्याला काहीच देत नाही.

लिपीचा प्रश्न. आपली माणसं बोलतात मराठीत आणि टाइप करतात बहुतेकदा रोमन अक्षरांत. मुंबई-पुण्यातलं किंवा दुबईतलं गिऱ्हाईक इंग्रजीतूनही शोधेल. उपाय म्हणजे दोन स्वतंत्र पानं, एक मराठीत आणि एक इंग्रजीत, दोन्ही माणसानं लिहिलेली. दोन्हींना ‘एचरेफलँग’च्या खुणेनं (याच पानाची दुसऱ्या भाषेतली आवृत्ती कुठे आहे हे सांगणारी कोडमधली ओळ) एकमेकांशी जोडा. ही खूण दोन्हीकडून हवी, एकाच बाजूनं दिली तर ती धरली जात नाही. एकाच पानावर एक वाक्य मराठी, एक इंग्रजी अशी खिचडी करू नका. पान कोणत्या भाषेतलं आहे हे गूगल दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं.

इथे होणाऱ्या चुका:

- दर हंगामाला नवं पान काढणं. ‘हापूस भाव २०२४’, मग ‘हापूस भाव २०२५’. जुन्या पानानं कमावलेल्या लिंक आणि ओळख तिथेच राहते आणि नवं पान शून्यापासून सुरू होतं. पत्त्यात वर्ष घालू नका. एकच पान ठेवा, दरवर्षी भाव आणि तारीख बदला.
- गावांची नावं बदलून तीच पानं छापणं: ‘पुण्यात हापूस’, ‘नाशिकमध्ये हापूस’, ‘सोलापुरात हापूस’. मजकूर तोच असेल तर गूगलच्या नियमांनुसार ही स्पॅम पानं ठरतात.
- एआयकडून एका रात्रीत दोनशे लेख लिहून घेणं. गूगलचा आक्षेप साधनाला नाही. क्रमवारीसाठी ढिगानं काढलेल्या, वाचकाच्या उपयोगाच्या नसलेल्या मजकुराविरुद्ध मार्च २०२४ मध्ये वेगळा नियम आला. तो माणसानं लिहिलेल्या ढिगालाही लागू आहे.

## टप्पा ५: शीर्षक आणि आतल्या लिंक

मुख्य पानाचं शीर्षक ‘होम’ किंवा ‘सुस्वागतम्’ असेल तर ते आजच बदला. ‘देवगड हापूस: पेटीचा भाव, आकार आणि घरपोच पाठवणी’ असं शीर्षक वाचणाऱ्यालाही कळतं आणि गूगललाही. प्रत्येक पानाचं शीर्षक वेगळं हवं. गूगल कधी कधी स्वतःचं शीर्षक दाखवतं. तसं झालं तर बहुतेक वेळा आपलं शीर्षक फार लांब, पुनरुक्त किंवा पानाशी न जुळणारं असतं.

मेटा कीवर्डच्या रकान्यात (वाचणाऱ्याला न दिसणारी, कोडमधली कीवर्डांची यादी) काही भरू नका. क्रमवारीसाठी तो वापरत नसल्याचं गूगलनं सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं आहे, आणि तरीही आज कोटेशनांमध्ये त्याचे पैसे लावलेले दिसतात. मेटा वर्णनानं (निकालात शीर्षकाखाली दिसू शकणाऱ्या ओळींनी) क्रम बदलत नाही, पण निकालात ते वाचून माणूस क्लिक करतो, म्हणून दोन चांगली वाक्यं लिहा. एकच शब्द अमुक टक्के आला पाहिजे हा हिशेब सोडून द्या.

शीर्षकात खोटी आशा दाखवू नका. अमेरिकेतल्या मक्तेदारीविरोधी खटल्यात २०२३ मध्ये गूगलचे पांडू नायक यांनी साक्ष दिली, त्यातून नॅव्हबूस्ट नावाची यंत्रणा उजेडात आली. कोणत्या शोधावर लोकांनी कोणता निकाल निवडला याची १३ महिन्यांची नोंद ती वापरते. ‘फुकट’ म्हणून बोलावलेला माणूस आल्या पावली परत गेला तर ते पान फार काळ टिकत नाही.

आतल्या लिंकवर ‘इथे क्लिक करा’ लिहू नका. ‘साका असलेला हापूस बदलून मिळतो का’ असं लिहा, म्हणजे पलीकडे काय आहे ते कळतं.

## टप्पा ६: मोबाइल आणि वेग

गूगल आता पानाची मोबाइलवरची आवृत्तीच वाचतं. कॉम्प्युटरवर दिसणारा आणि मोबाइलवर पूर्ण काढून टाकलेला मजकूर हिशेबात येत नाही.

वेगाचे तीन आकडे बघायचे. सर्वात मोठा भाग दिसायला २.५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ नको. बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद हवा. आयएनपी नावाचं हे माप मार्च २०२४ पासून लागू आहे. पान उघडताना मजकूर इकडेतिकडे उडण्याचं माप ०.१ च्या आत हवं. तुमच्या साइटचे आकडे पेजस्पीड इनसाइट्सवर मोफत मिळतात.

लहान साइटींवर दोष बहुधा फोटोंचा असतो. कॅमेऱ्यातून आलेला पाच-सहा एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. तो रुंदीला हजार-बाराशे पिक्सेलवर आणा आणि वेबपी या हलक्या फोटो-फाइलच्या प्रकारात साठवा. त्यानंतर देवनागरी वेबफाँट: एक फाँट, दोन जाडी, एवढंच पुरे. एचटीटीपीएस असायलाच हवं; २०१४ पासून त्याचा थोडा भार क्रमवारीत धरला जातो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याविना ब्राउझर साइट असुरक्षित असल्याचं दाखवतो.

> सावधान: १०० पैकी १०० गुणांच्या मागे लागू नका. संथ पण नेमकं उत्तर देणारं पान वेगवान पण पोकळ पानाच्या वर राहू शकतं. आकडे हिरव्या पट्ट्यात आले की थांबा आणि चौथ्या टप्प्याकडे परत जा.

## टप्पा ७: इतरांनी दिलेल्या लिंक

दुसऱ्या साइटनं तुमच्या पानाकडे दिलेली लिंक ही अजूनही महत्त्वाची शिफारस आहे. पण ती देणारा कोण आणि कशासाठी देतो याला वजन आहे. ‘हजार रुपयांत पाचशे बॅकलिंक’ या सौद्यातल्या लिंक सोडून दिलेल्या साइटींवरच्या असतात. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन हा बदल आला तेव्हा अशा लिंकवर उभ्या असलेल्या असंख्य साइटी खाली गेल्या. आता गूगल त्या बहुतांशी मोजतच नाही, म्हणजे पैसे पाण्यात. आणि प्रकरण वाढलं तर साइटवर थेट कारवाईही होते.

बागायतदाराला खऱ्या लिंक कुठून मिळतील? आंबा महोत्सवात भाग घेतला तर आयोजकांच्या साइटवरच्या सहभागींच्या यादीतून. स्थानिक वर्तमानपत्रानं बागेवर लिहिलं तर त्यातून. साक्याचं पान खरंच उपयोगी असेल तर पाककृती लिहिणाऱ्यांकडून. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर त्या प्रमाणपत्राची माहिती आपल्या पानावर द्या, बातमीदार तीच शोधत असतात.

फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपवरच्या लिंकनी माणसं येतात, ते चांगलंच आहे. त्यांना बॅकलिंक मात्र धरू नका. पैसे देऊन लेख छापून आणलात तर त्यातल्या लिंकवर ‘स्पॉन्सर्ड’ची खूण हवी. आणि डिसअव्हाउ या साधनाला (‘या लिंक मोजू नका’ असं गूगलला सांगणारं साधन) हात लावू नका. सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल ॲक्शन’ची, म्हणजे गूगलच्या माणसांनी साइटवर कारवाई केल्याची, सूचना आलेली नसेल तर त्याची गरज नाही.

## टप्पा ८: नकाशावरची नोंद

गिऱ्हाईक प्रत्यक्ष तुमच्याकडे येत असेल, तर गूगल बिझनेस प्रोफाइल भरा. नकाशावरचा क्रम तीन गोष्टींवर लागतो: शोधाशी जुळणं, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि धंद्याची ओळख. अंतर आपल्या हातात नाही. वर्गवारी अचूक निवडा, वेळा खऱ्या द्या, हंगाम संपला की तसं लिहा. नाव पाटीवर आहे तेच द्या. त्यात ‘बेस्ट हापूस मँगो देवगड’ जोडलं तर नोंद निलंबित होऊ शकते. प्रत्येक अभिप्रायाला उत्तर द्या, तक्रारीला आधी.

## टप्पा ९: मोजायचं कसं, थांबायचं किती

आपल्या फोनवर रोज शोधून क्रम बघू नका. तुम्ही कुठे बसला आहात आणि आधी काय पाहिलंत यानं निकाल बदलतो. सर्च कन्सोलमधला ‘परफॉर्मन्स’ अहवाल आठवड्यातून एकदा उघडा. कोणत्या शोधावर पान किती वेळा दिसलं, किती क्लिक आले आणि सरासरी क्रम काय, हे तिथे मिळतं.

सरासरी क्रम आठ ते वीसच्या मधले शोध निवडा. गूगलनं त्या पानांची दखल घेतली आहे, थोड्या भरीव मजकुरानं ती वर येऊ शकतात. दिसणं भरपूर आणि क्लिक नाममात्र असतील तर शीर्षक तपासा. हंगामी धंद्यात तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, नाहीतर जूनमधली घसरण बघून उगाच साइट बदलाल.

एका वेळी एकच मोठा बदल करा, तारीख वहीत लिहा आणि काही आठवडे थांबा.

> सावधान: साइटचं रूप बदलताना पानांचे पत्ते बदलू नका. बदलणं भागच असेल तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पत्त्याकडे ३०१ लावा आणि निदान एक वर्ष ठेवा. सगळे जुने पत्ते मुख्य पानाकडे वळवले तर कमावलेला क्रम जातो.

## काम दुसऱ्याला द्यायचं असेल तर

‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणाऱ्याला नको म्हणा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनं स्वतः सांगून ठेवलं आहे. बाकीच्यांना पैसे देण्याआधी हे विचारा: आमची किती पानं इंडेक्स झाली आहेत आणि उरलेली का नाहीत? पहिल्या महिन्यात कोणत्या पानांवर काय बदलणार? लिंक आणणार असाल तर कुठून, आणि त्यासाठी पैसे देणार का? पहिल्याच प्रश्नावर सर्च कन्सोल न उघडता उत्तर दिलं, तर समोरच्यानं तुमची साइट बघितलेली नाही.

काम देताना सर्च कन्सोलमध्ये त्याला ‘फुल’ दर्जाचा वापरकर्ता म्हणून जोडा. ‘ओनर’ तुम्हीच राहा, आणि करार संपला त्याच दिवशी त्याचं नाव काढा.